घळीतला ग्रंथ आणि पडद्यावरचे पान

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंध गाव मागे टाकून घाटाला लागला, की थोड्याच वेळात खाली शिवथरचे खोरे दिसू लागते. वर कावळ्या किल्ल्याची सोंड, खाली दाट झाडी, आणि खोऱ्यात कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी सारख्या नावाची तीन गावे. याच खोऱ्यात कातळाची एक प्रशस्त कपार आहे. पावसाळ्यात तिच्या शेजारून धबधबा कोसळतो आणि त्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. ही शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोध येथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, अशी परंपरा आहे. मधल्या काळात या जागेचा विसर पडला होता. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती शोधून काढली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची पावसाळी सहल येथे गेली होती. परत आल्यावर मुलांनी सहलीचा वृत्तांत लिहिला आणि तो शाळेच्या संकेतस्थळावर चढवण्याचे काम माझ्याकडे आले. मी हौसेने पान सजवले. ‘वरंध घाट’, ‘शिवथरघळ’, ‘दासबोधाविषयी’, ‘आम्ही पाहिलेल्या वनस्पती’ अशी शीर्षके मोठ्या, ठळक, हिरव्या अक्षरांत दिली. सर्वांनी वाहवा केली. काही दिवसांनी आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेत आली. तिला दिसत नाही. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे एनव्हीडीए नावाचे मोफत सॉफ्टवेअर ती वापरते. मी अभिमानाने तिच्यापुढे आमचे पान उघडून दिले. तिने कळफलकावरची ‘एच’ ही कळ दाबली. यंत्राने सांगितले, पुढे एकही शीर्षक नाही. तिने पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

“सर, मला फक्त वनस्पतींची यादी हवी होती,” ती म्हणाली, “पण आता सगळं पहिल्यापासून ऐकावं लागणार.”

शीर्षके तर पडद्यावर डोळ्यांसमोर होती! मग यंत्राला ती का सापडू नयेत? कारण मी शीर्षके दिलीच नव्हती, नुसती अक्षरे मोठी केली होती. संगणकाच्या दृष्टीने ते सगळे एकाच जातीचे परिच्छेद होते. काही हिरवे, काही काळे, एवढाच फरक. ही चूक नीट समजून घेताना मला ज्या पुस्तकाचा सर्वाधिक उपयोग झाला, ते संगणकाचे नव्हते. ते त्या घळीतलेच होते.

दासबोधाकडे आपण नेहमी उपदेशासाठी पाहतो. तो उपदेश क्षणभर बाजूला ठेवून केवळ बांधणी पाहावी, अशी माझी शिक्षकमित्रांना विनंती आहे. ग्रंथात सुमारे पावणेआठ हजार ओव्या आहेत. त्यांचे २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, म्हणजे एकूण २०० समास. प्रत्येक दशकाला नाव, प्रत्येक समासाला नाव आणि क्रमांक, आणि समासातील प्रत्येक ओवीलाही क्रमांक. म्हणून ‘दशक १९, समास १’ एवढा पत्ता दिला, की पोथी हस्तलिखित असो, शिळाछापाची असो की आजच्या छपाईची, वाचक नेमक्या जागी पोहोचतो. पृष्ठांकाचे तसे नाही. कागदाचा आकार बदलला की पृष्ठांक बदलतो. दशक आणि समास मजकुराबरोबर राहतात.

ही बांधणी एकदम झालेली दिसत नाही. समर्थांची ‘एकवीस समासी’ नावाची एक रचना आहे, तिला ‘जुना दासबोध’ असेही म्हणतात. तिच्यात २१ समास एकापुढे एक येतात. दशकांचा वरचा मजला तेथे नाही. २१ प्रकरणे असतील तर सपाट यादी चालते. दोनशे झाली की यादीत हरवायला होते. मग प्रकरणांना पोटात घेणारे मोठे कप्पे लागतात.

आता समासाची सुरुवात आणि शेवट पाहू. आरंभी समासाचे नाव येते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतही असते. दासबोधात शेवटीही एक ओळ येते, जिला जुने लोक पुष्पिका म्हणत. ती ग्रंथाचे नाव सांगते, हा गुरुशिष्यांचा संवाद आहे हे सांगते आणि आत्ता संपलेल्या समासाचे नाव व क्रमांक सांगते. ही पद्धत समर्थांची नव्हे. संस्कृत ग्रंथांत ती फार जुनी आहे. सलग लिहिलेल्या पोथीत, जेथे परिच्छेद पाडण्याची चाल नव्हती, तेथे ‘हा कप्पा येथे बंद झाला’ हे सांगणारी ती खूण होती. लेखनिक पुष्कळदा ती तांबड्या शाईत लिहीत, म्हणजे पाने चाळताना नजर तेथे अडे. ती तांबडी शाई उडून गेली तरी शब्दांमुळे शेवट कळतोच, हे मात्र लक्षात ठेवावे.

पहिल्या दशकाच्या पहिल्या समासाचे नाव ‘ग्रंथारंभलक्षण’. श्रोते विचारतात की हा कोणता ग्रंथ, यात काय सांगितले आहे, ऐकून काय मिळेल. आणि उत्तरादाखल विषयांची आणि आधारभूत ग्रंथांची यादीच दिली आहे. दुसऱ्या टोकाला, अगदी शेवटच्या समासात, वीस दशक आणि दोनशे समास हा हिशेब ग्रंथातच नोंदलेला आहे. नक्कल करणाऱ्याकडून एखादा समास गळला, तर मोजदाद जुळणार नाही. संगणकाचे जाणकार एक फाइल दुसरीकडे पाठवताना शेवटी बेरीज जोडतात, त्यातलाच हा प्रकार.

येथे थोडे विषयांतर. ‘समास’ या शब्दाचे मराठीत तीन अर्थ आहेत. व्याकरणात दोन पदांची जोडणी म्हणजे समास. दासबोधात प्रकरण म्हणजे समास. आणि वहीच्या पानाच्या कडेला सोडतो तो कोरा भागही समास. “समास सोडून लिहा” हे वाक्य आपण वर्षातून किती वेळा म्हणतो! मजकूर एकत्र बांधणे आणि त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवणे, या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेने एका शब्दात घातल्या आहेत. संगणकाने मात्र त्या वेगळ्या केल्या, आणि ते बरेच झाले, हे पुढे येईलच.

सगळी बांधणी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. दहाचा साचा एकदा ठरवला की मजकुराला त्यात बसावे लागते. चौथा दशक नवविधा भक्तीचा. श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नऊ भक्तींचे नऊ समास झाले, दहावा उरला. तेथे चार मुक्तींचे निरूपण आले. सातव्या दशकाला ‘चौदा ब्रह्मांचा’ म्हणतात, पण चौदा ब्रह्मांचे निरूपण त्यातल्या एकाच समासाचा विषय आहे. एका खोलीचे नाव घराला पडले. अकरावा ‘भीमदशक’, नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. सर्वांत गमतीचा अठरावा, ‘बहुजिनसी’. नाना जिनसांचा. त्यात देवस्थाने आहेत, करंट्याची परीक्षा आहे, झोपेचे वर्णन आहे आणि श्रोत्याची अवलक्षणेही आहेत. किराणा दुकानात जसा एक खण किरकोळीचा असतो, तसा हा दशक. बहुजिनसीची आठवण ठेवा, त्याचे काम शेवटी पडणार आहे.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ नावाचा आहे. शाळेत सुलेखनाच्या तासाला तो वाचून दाखवण्यासारखा आहे. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावे, ते वाटोळे, सरळ, मोकळे असावे, पहिले अक्षर जसे तसेच शेवटपर्यंत चालावे, ओळी सारख्या असाव्यात, पानाच्या चारी बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावे, असे तपशील त्यात येतात. कागद, शाई, लेखण्या यांचाही विचार आहे. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोलाची सूचना वाचकाच्या डोळ्यांची आहे: तरुणपणी फार बारीक लिहून ठेवले तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम लिहावे. वाचणाऱ्याची दृष्टी कशी असेल हे लिहिणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे, ही गोष्ट सतराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. ग्रंथाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे, तो इसवी सनाच्या १६५९च्या सुमाराचा येतो.

दिसण्याचे नियम या एका समासात आणि मजकुराचे कप्पे पुष्पिकांमध्ये, अशी ही दोन वेगळी खाती आहेत. अक्षर कितीही देखणे केले म्हणून समास पाडले जात नाहीत, आणि अक्षर वेडेवाकडे असले म्हणून समास मोडत नाहीत.

शीर्षक दिले पण शेवट सांगितला नाही, तर काय होते? त्याचे उदाहरण याहून पुष्कळ जुने आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद आणि सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांतली काही ‘अधिकारसूत्रे’. ती स्वतः नियम सांगत नाहीत. पुढच्या सूत्रांच्या डोक्यावर शीर्षकासारखी बसतात. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्ययांचा अधिकार सुरू होतो, तो पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. अशी अधिकारसूत्रे ओळखण्यासाठी पाणिनीने स्वरित या उच्चारातील स्वराची खूण ठेवली होती. पुढे पठणातून तो स्वर लोपला. मग कोणता अधिकार कोठवर चालतो हे ठरवण्याचे काम टीकाकारांकडे आले, आणि त्यांची त्यावर विद्वत्तापूर्ण भांडणे झाली. खूण आवाजात होती. आवाज गेला आणि खूणही गेली. माझ्या पानावर खूण रंगात होती. फरक एवढाच, की पाणिनीची खूण हरवायला काही शतके लागली, माझी पहिल्याच दिवशी हरवली.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न १९६०च्या दशकात उभा राहिला. त्याआधी छापखान्यात संपादक हस्तलिखितावर खुणा करी: हे मोठ्या टायपात घ्या, हे मध्यभागी घ्या. खिळे जुळवणारा त्याप्रमाणे करी. इंग्रजीत या खुणा करण्यालाच मार्कअप म्हणत. संगणकावर मजकूर आला तेव्हा त्याच आज्ञा मजकुरात पेरल्या गेल्या, आणि प्रत्येक यंत्राच्या आज्ञा वेगळ्या. एका यंत्रासाठी तयार केलेला मजकूर दुसऱ्याला कळेना. आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी हे तिघे वकिलांच्या कागदपत्रांसाठी एक व्यवस्था बसवत होते. गोल्डफार्ब स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेले. १९६९मध्ये त्यांनी जी भाषा बसवली तिला जीएमएल म्हणतात; हीच तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. तिचे तत्त्व सोपे होते: मजकूर कसा दिसावा हे सांगू नका, तो काय आहे ते सांगा. हे प्रकरणाचे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. दिसण्याचे काय करायचे ते छापणारे यंत्र पाहून घेईल. याच विचारातून १९८६मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तयार झाले.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभारले, तेव्हा त्यांनी याच घराण्यातली एक छोटी भाषा वापरली: एचटीएमएल. १९९१च्या पहिल्या आराखड्यात जेमतेम दीड डझन टॅग, म्हणजे खुणा, होत्या. त्यांत शीर्षकांच्या सहा पायऱ्या होत्या, एच-१ ते एच-६. एच-१ म्हणजे ग्रंथाचे नाव म्हणावे, एच-२ म्हणजे दशक, एच-३ म्हणजे समास. पण दशकाला पोटात घेणारा कप्पा मात्र या भाषेत नव्हता. एच-२ सुरू झाला, की पुढचा एच-२ किंवा एच-१ येईपर्यंतचे सगळे त्याचे, असे समजून घ्यायचे. पाणिनीच्या अधिकारासारखेच! गंमत म्हणजे बर्नर्स-ली यांना ही उणीव तेव्हाच दिसत होती. १९९१ सालीच त्यांनी लिहिले, की सहा वेगवेगळ्या शीर्षकांऐवजी एकात एक बसणारे ‘सेक्शन’ आणि एकच सर्वसाधारण शीर्षक आपल्याला अधिक आवडले असते. कप्पा किती खोल आहे यावरून शीर्षकाची पायरी आपोआप ठरली असती.

तसे झाले नाही. १९९०च्या दशकात वेब लोकप्रिय झाले आणि सर्वांना पाने सुंदर करण्याची घाई झाली. अक्षरांचा आकार आणि रंग ठरवणारा फॉन्ट टॅग आला. पानाची मांडणी साधण्यासाठी लोक तक्त्यांचे टॅग वापरू लागले, म्हणजे तक्ता नसलेल्या मजकुरालाही रकान्यांत कोंबू लागले. शीर्षकांचा उपयोग अक्षर मोठे करण्यासाठी आणि मोठ्या अक्षरांचा उपयोग शीर्षकासारखा, असा उलटा व्यवहार सुरू झाला. यावर उतारा म्हणून १९९६ अखेर सीएसएस आले. दिसण्याचे नियम एका वेगळ्या कागदावर काढून ठेवण्याची ती सोय. लेखनक्रियेचा समास वेगळा काढावा तशी. आणि १९९७च्या एचटीएमएल ३.२ या आवृत्तीत ‘डिव्ह’ हा कप्पा आला. डिव्हला स्वतःचा काही अर्थ नाही. चार गोष्टी एका गाठोड्यात बांधतो, एवढेच. त्यामुळे तो फार सोयीचा ठरला आणि पुढची पंधरा वर्षे जगभरची पाने डिव्हांच्या आत डिव्ह अशी रचली गेली.

२०१४मध्ये एचटीएमएल ५ प्रमाण म्हणून मान्य झाले, तेव्हा अर्थ असलेले कप्पे आले: लेखासाठी ‘आर्टिकल’, प्रकरणासाठी ‘सेक्शन’, दिशादर्शक दुव्यांसाठी ‘नॅव्ह’, पानाच्या मुख्य मजकुरासाठी ‘मेन’. बर्नर्स-लींचे जुने स्वप्नही त्यात होते: कप्प्यांच्या खोलीवरून ब्राउझरने शीर्षकांची उतरंड स्वतः काढावी, असा नियम लिहिला गेला. कागदावर तो फार देखणा होता. प्रत्यक्षात एकाही प्रमुख ब्राउझरने तो पडदावाचकांपर्यंत पोहोचवला नाही. त्या नियमावर भिस्त ठेवून ज्यांनी प्रत्येक कप्प्यात एच-१ घातला, त्यांच्या अंध वाचकांना पानभर एच-१च ऐकू आले. अखेर २०२२मध्ये तो नियम प्रमाणातून काढून टाकला गेला. तेव्हा आज कप्पाही घालावा लागतो आणि शीर्षकाची पायरीही हाताने लिहावी लागते. दासबोधाचा लेखनिक दशक आणि समास दोन्ही लिहीत होता, तसेच.

या सगळ्याचा प्रत्यक्ष परिणाम काय, ते मी आमच्या पानावर पाहिले. पडदावाचक वापरणाऱ्यांच्या पाहण्या वेबएम ही अमेरिकेतील संस्था २००९पासून करते. लांब पानावर हवी ती माहिती कशी शोधता, या प्रश्नाला अलीकडच्या पाहण्यांत दोन तृतीयांशांहून अधिक लोकांनी ‘शीर्षकांवरून’ असे उत्तर दिले आहे. एनव्हीडीएमध्ये एच दाबले की पुढचे शीर्षक, २ दाबले की दुसऱ्या पायरीचे, ३ दाबले की तिसऱ्या पायरीचे. डोळस माणूस पान चाळतो, ती क्रिया या कळांनी होते. शीर्षक खोटे असेल तर चाळणे बंद. पान पहिल्या अक्षरापासून ऐकणे एवढेच हाती राहते.

मी पान पुन्हा बांधायला घेतले. सहलीच्या नावाला एच-१, चार प्रकरणांना एच-२, वनस्पतींमध्ये ‘झाडे’, ‘वेली’ आणि ‘नेचे’ यांना एच-३. हिरवा रंग सीएसएसमध्ये नेला. माजी विद्यार्थिनीला पुन्हा बोलावले. तिने एच-एच करत दहा सेकंदांत नेचे गाठले. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच ती हसू लागली. पानाच्या अगदी शेवटी मी एसटीच्या चालकांचे आणि वाहकांचे आभार मानले होते. त्या परिच्छेदाला वेगळे शीर्षक नव्हते. त्यामुळे शेवटच्या शीर्षकाखाली ते सगळे जण नेच्यांमध्ये जमा झाले होते! नेच्यांचा कप्पा बंद झाल्याची पुष्पिका मी लिहिलीच नव्हती. मग प्रत्येक प्रकरणाभोवती सेक्शन घातला, तो जेथे संपतो तेथे बंद केला, आणि आभार सर्वांच्या बाहेर, पानाच्या तळाशी, ‘आभार’ असे शीर्षक देऊन ठेवले.

यावर्षी नववीच्या मुलांना मी वेगळाच गृहपाठ दिला. दासबोधाची नुसती अनुक्रमणिका घ्यायची, ओव्या नकोत, आणि तिला टॅग लावायचे. ग्रंथ, दशक, समास, तिन्ही पायऱ्या. कागदावर केले तरी चालेल. संगणक सर्वांकडे नाही. संगणकाची भीती बाळगणाऱ्या मराठीच्या बाईंनीही या तासात रस घेतला. सतरा दशक बिनतक्रार झाले. अठराव्यापाशी गाडी अडली. एका गटाचे म्हणणे, बहुजिनसीला नाव आहे, तेव्हा तो सेक्शनच. दुसऱ्या गटाने प्रश्न केला, की “नाव आहे, पण नाव सांगतं काय? आत एकमेकांशी काही संबंध नाही. हा तर डिव्ह!” मी नियम सांगितला, की कप्प्याला सार्थ शीर्षक देता येत असेल तर सेक्शन, केवळ सोयीसाठी गोष्टी एकत्र बांधल्या असतील तर डिव्ह. त्यावर पहिल्या गटातला एक मुलगा म्हणाला, “सर, समर्थांनी दोनशे समासांत एवढा एकच दशक ‘हा संमिश्र आहे’ असं नाव देऊन सांगितलाय. संमिश्र आहे हेच त्याचं सार्थ शीर्षक नाही का?”

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा फळ्यावर सेक्शनच्या बाजूने एकोणीस आणि डिव्हच्या बाजूने सोळा मते होती. मराठीच्या बाईंनी कोणत्या बाजूला हात वर केला, ते मी पाहिले, पण मुलांना सांगितले नाही.